ज्याच्याकडे पाहावं तेच गायब : लेझर आणि जवानाचा डोळा

पारोळा-एरंडोल पट्ट्यातला एक जवान सुट्टीवर आला होता. घरी मोबाइल पाहताना तो सारखी मान तिरकी करायचा, म्हणून त्याची आई त्याला ओढतच माझ्याकडे घेऊन आली. मी तेव्हा ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होतो. चष्म्याचे नंबर काढणं, मोतीबिंदूचे रुग्ण निवडून पुढे पाठवणं, शाळेतल्या मुलांचे डोळे तपासणं हे माझं रोजचं काम. त्याला तक्त्यापासून सहा मीटरवर बसवलं आणि डावा डोळा झाकायला सांगितला. उजव्या डोळ्याने पोरगा शेवटच्या ओळीपर्यंत झरझर वाचत गेला. मग उजवा झाकला. वरचं एकुलतं मोठं अक्षर वाचायलाच त्याची हनुवटी हळूहळू खांद्याकडे वळायला लागली. ‘मान सरळ ठेव,’ म्हटलं तर गप्पच झाला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘डॉक्टर, दुखत काहीच नही. पन ज्या अक्षरकडे देखस, तेच गायब व्हई जास.’

आईला बाहेर बसवल्यावर त्याने बाकीचं सांगितलं. सरावाच्या मैदानावर एका रणगाड्यावरचं, लेझरने अंतर मोजायचं यंत्र तपासणं चाललं होतं. हा समोर, शंभरेक पावलांवर उभा होता आणि त्याचं लक्ष नेमकं त्या यंत्राकडेच होतं. डोळ्यात एकदम पांढरा लखलखाट झाला, डोक्यात ‘टक्’ असा आवाज आल्यासारखं वाटलं आणि डाव्या डोळ्यापुढे लालसर काळा धूर तरंगायला लागला. या गोष्टीला बारा दिवस झाले होते. बारा दिवसांत त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. आईला म्हणाला होता, धूळ गेली.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडची पोरं आहेत. पहाटे पाचला अमळनेर, चोपडा, साक्री, शिरपूरच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी. त्यातली काही तोफखान्यात जातील, काही रणगाड्यांवर, काही सीमेवर दुर्बीण घेऊन बसतील. बंदुकीची गोळी काय करते ते त्यांना कळतं. लेझर काय करतो हे मात्र बहुतेकांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

रात्रीच्या लाइटवर केळीला पाणी द्यायला जाताना हातात बॅटरी असते. तिचा उजेड पायापुढे लख्ख, बांधाच्या टोकाला अंधूक आणि पुढच्या शेतात दिसेनासा होतो, कारण तो पसरत जातो. घरातला ९ वॅटचा बल्ब तर चारी बाजूंना उजेड फेकतो. आपल्या डोळ्याच्या बाहुलीत त्यातला नखभरही येत नाही. लेझरचा उजेड पसरत नाही, निदान फारसा नाही. एक साधा चांगला लेझर किलोमीटरभर गेला तरी त्याचा झोत सुमारे मीटरभरच रुंद होतो. शिवाय तो एकाच रंगाचा असतो आणि त्याच्या लहरी कवायतीतल्या जवानांसारख्या एका पावलात चालतात. म्हणून बल्बच्या मानाने शेकडो पट कमी शक्तीचा लेझरही डोळ्याला धोक्याचा असतो. शक्ती किती आहे एवढ्यावर काम भागत नाही, ती किती जागेत उतरते हे पाहावं लागतं.

ती किती छोट्या जागेत उतरते? लहानपणी मे महिन्याच्या उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ खानदेशातल्या प्रत्येक पोराने खेळलेला असतो. ऊन तेच असतं, पण भिंगाने ते एका ठिपक्यात गोळा केलं की कागद तपकिरी होतो, धूर निघतो, भोक पडतं. आपल्या डोळ्यात पुढे पारदर्शक कॉर्निया आणि आत भिंग अशी हीच रचना आहे. समोरून आलेला उजेड गोळा करून मागच्या पडद्यावर टाकणं हेच तिचं काम. भर दुपारच्या सूर्याची प्रतिमा पडद्यावर पडली तर ती एका मिलिमीटरच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी असते. लेझरचा समांतर झोत त्याच्याही कितीतरी खाली, मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शापर्यंत गोळा होतो. बाहुलीवर पडलेला उजेड पडद्यावर पोचेपर्यंत सुमारे एक लाख पट तीव्र होतो. म्हणूनच अवघ्या १ मिलिवॅटचा झोत डोळ्यात सरळ गेला तर त्या ठिपक्यावरची तीव्रता सूर्याकडे रोखून पाहिल्यापेक्षा जास्त भरते.

आता तो ठिपका पडतो कुठे ते पाहू, कारण सगळं नुकसान त्यावर ठरतं.

पडद्याच्या मधोमध एक खोलगट जागा आहे, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, दीडेक मिलिमीटरची. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, नेम धरणं ही सगळी बारीक कामं तेवढ्या जागेवर चालतात. बाकीचा पडदा आजूबाजूचं भान ठेवतो: कोण येतंय, काय हललं, अंधारात कुठे काही आहे का. आपण एखाद्या गोष्टीकडे ‘पाहतो’ तेव्हा डोळा वळवून तिची प्रतिमा त्या राजगिऱ्याच्या दाण्यावर आणतो. म्हणजे लेझर निघतो तिकडे जवान सरळ पाहत असेल, तर जळण्याची जागा त्याच्या डोळ्यानेच निवडलेली असते. तोच झोत तिरका येऊन कडेला पडला तर तिथे डाग राहतो आणि कित्येकदा माणसाला तो आयुष्यभर जाणवतही नाही. मध्ये पडला तर ज्याच्याकडे पाहावं तेच गायब होतं. मग माणूस नकळत मान वळवून पडद्याच्या चांगल्या कडेने पाहायला शिकतो. त्या पोराची हनुवटी खांद्याकडे वळत होती ती याचमुळे.

आणि दुखत का नाही? पडद्याला उजेड कळतो, वेदना कळत नाही. वेदनेच्या नसा कॉर्नियावर दाट आहेत, म्हणून कुसळ गेलं तरी आपण तळमळतो. पडद्यावर मात्र जळालं तरी काही वाटत नाही. उलट लेझरनंतर डोळा खुपत असेल, लाल झाला असेल, पाणी येत असेल, तर बऱ्याचदा ते घाबरून डोळा चोळल्यामुळे कॉर्नियाला झालेल्या ओरखड्याचं असतं. हे दोन्ही बाजूंनी फसवतं. डोळा दुखतोय म्हणजे पडदा जळालाच, असं नाही. आणि दुखत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं तर मुळीच नाही.

रंगाचाही मोठा हिशेब आहे. उजेडाचा रंग नॅनोमीटरमध्ये मोजतात. आपल्याला साधारण ४०० म्हणजे जांभळ्यापासून ७०० म्हणजे गडद लालपर्यंत दिसतं. पण डोळ्याची भिंगं ४०० पासून १,४०० पर्यंतचा उजेड आत जाऊ देतात. म्हणजे ७०० ते १,४०० हा अख्खा पट्टा आपल्याला दिसत नाही, तरी तो गोळा होऊन पडद्यावर पोचतो. सैन्यातल्या जुन्या आणि आजही वापरात असलेल्या कित्येक अंतरमापकांचा आणि लक्ष्यावर खूण धरणाऱ्या यंत्रांचा लेझर १,०६४ नॅनोमीटरचा असतो, बरोबर या आंधळ्या पट्ट्यातला. झोत येताना दिसतच नाही. जे दिसतं ते आतल्या इजेचं: लखलखाट, आणि मग धूर.

या पट्ट्याच्या बाहेर गोष्ट बदलते. १९३ नॅनोमीटरचा लेझर कॉर्नियाच्या पुढच्या थरातच संपतो, म्हणून तर चष्म्याचा नंबर घालवायच्या शस्त्रक्रियेत तो वापरता येतो. कारखान्यांत पत्रे कापणारा कार्बन डायऑक्साइडचा लेझर १०,६०० चा, तोही कॉर्नियावरच थांबतो आणि तिथेच भाजतो. आणि १,५४० च्या आसपासचा उजेड डोळ्यातल्या पाण्यात शोषला जातो, पडद्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नवीन अंतरमापक या रंगाचे बनवायला लागले आणि त्यांना ‘डोळ्याला सुरक्षित’ म्हणतात. या शब्दावर मात्र डोळे मिटून विसंबू नये; शक्ती पुरेशी असली तर तोही कॉर्निया भाजू शकतो. पण पडदा वाचतो ही फार मोठी गोष्ट आहे. कॉर्निया बदलता येतो, पडदा बदलता येत नाही.

‘डॉक्टर, आमच्या तात्यांना तर शुगरमुळे पडद्याला लेझर मारला, त्यांना फायदा झाला,’ असं मला कित्येकांनी ऐकवलंय. खरं आहे. मधुमेहात पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यांना आवर घालायला डॉक्टर पडद्याच्या कडेकडेने मोजून छोटे छोटे डाग देतात, आणि मधली जागा जिवापाड जपतात. तेही जाळणंच आहे. फरक एवढाच की तिथे हात जाणकाराचा आहे, जागा ठरलेली आहे आणि मात्रा मोजलेली आहे.

लेझर पहिल्यांदा चालला तो १९६० साली, अमेरिकेत थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, माणकाच्या कांडीतून. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो डोळ्याच्या डॉक्टरांनीही उचलला आणि सैन्यांनीही. सैन्याला त्यात अंतर मोजायची युक्ती सापडली. एक ठोका सोडायचा, तो लक्ष्यावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. उजेड सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. ३ किलोमीटरवरच्या रणगाड्यापर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी २० भाग लागतात. इतका बारीक वेळ मोजायचा तर ठोकाही तितकाच आखूड हवा. तो असतो १० नॅनोसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटी भागांपैकी दहा. त्यात ऊर्जा असते थोडीच, समजा १० मिलिज्यूल. एवढ्याने चमचाभर पाणीही कोमट होणार नाही. पण ती इतक्या कमी वेळात बाहेर पडते की त्या क्षणापुरती शक्ती १० लाख वॅट भरते.

मला वाटतं, सैनिकाचा धोका समजून घ्यायची खरी किल्ली इथे आहे. साध्या लेझरच्या उजेडात पडदा तापतो, आणि तापायला थोडा वेळ लागतो. कमी शक्तीच्या दिसणाऱ्या लेझरपासून आपली पापणीच आपल्याला वाचवते: उजेड खुपला की पाव सेकंदात डोळा मिटतो, मान वळते. ‘वर्ग २’ म्हणजे १ मिलिवॅटपर्यंतचे दिसणारे लेझर याच भरवशावर ठरवलेले आहेत. पण अंतरमापकाचा ठोका पापणीपेक्षा अडीच कोटी पट वेगवान आहे. पापणीला कळायच्या आत सगळं आटोपलेलं असतं. आणि एवढ्या वेगाने आलेली ऊर्जा नुसती भाजत नाही, तर पडद्याच्या रंगीत थरात बारीकसा स्फोट करते. पाण्याची वाफ, दाबाची लाट, फाटलेल्या केशवाहिन्या. रक्त डोळ्यातल्या गरात उतरतं, तोच तो लालसर धूर. कित्येक जखमी लोकांनी ‘टक्’ असा आवाज ऐकल्याचं सांगितलं आहे. पडद्याला आरपार भोक पडू शकतं. हे सगळं शंभर पावलांवरून होऊ शकतं, कधी त्याच्या कितीतरी पुढूनही.

अंतराबद्दल पोरांचा एक समज पक्का असतो: लांब आहोत, म्हणजे वाचलो. बॉम्बच्या किरचांना ते लागू आहे, लेझरला फारसं नाही. प्रत्येक यंत्राचं एक ‘डोळ्याला धोक्याचं अंतर’ ठरलेलं असतं. जुन्या अंतरमापकांचं ते किलोमीटरमध्ये मोजायचं असतं. त्या अंतरात त्याच्या तोंडासमोर उघड्या डोळ्याने असू नये, एवढाच त्याचा अर्थ. आणि दुर्बीण लावली की हे अंतर आणखी वाढतं. तिच्या ५० मिलिमीटरच्या काचा जेवढा उजेड गोळा करतात तो सगळा बाहुलीतून आत जातो. सात पटीने मोठं दाखवणारी साधी फौजी दुर्बीण डोळ्यात सुमारे पन्नास पट उजेड घालू शकते. निरीक्षण चौकीवर दुर्बीण लावून बसलेला जवान लेझरपुढे सगळ्यात उघडा पडतो तो असा. रात्री त्यात भर पडते. उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, अंधारात सातपर्यंत उघडते. रात्री दिसण्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र डोळ्याला असेल तर डोळा बचावतो, कारण जवान बाहेरचा उजेड नव्हे तर यंत्राच्या स्क्रीनवरचं चित्र पाहत असतो. बिघडलं तर यंत्र बिघडतं. साध्या काचेच्या दुर्बिणीत अशी कुठली आडभिंत नसते.

सरावाच्या मैदानावर म्हणूनच लेझरला बंदुकीसारखंच वागवावं लागतं. तोंड नेहमी ठरलेल्या दिशेला, लक्ष्याच्या मागे टेकडी किंवा मातीचा बांध, आणि समोर आरसा, काच, गाडीची विंडशील्ड, साचलेलं पाणी काही नको, कारण गुळगुळीत पृष्ठभागावरून परतलेला झोत जवळजवळ तितकाच घातक असतो. तपासणी चालू असताना तोंडावर झाकण. गोळीबारात आवाज येतो, वास येतो, म्हणून आपसूक सावधपणा राहतो. लेझरचं यंत्र मात्र शांत पडलेलं असतं आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसालाच अनेकदा फटका बसतो.

चष्मे मिळतात, पण तिथेही एक खोच आहे. संरक्षक चष्मा रंगनिहाय असतो. १,०६४ साठीचा चष्मा त्या लेझरचा दहा हजारावा भागच आत सोडेल, आणि हिरव्या ५३२ च्या लेझरला मात्र सरळ वाट देईल. काच गडद दिसते म्हणून बरी, असं काही नसतं. साध्या गॉगलचा तर उपयोगच नाही. कुठल्या लेझरसाठी आहे, ते चष्म्यावर छापलेलं असतं. ते वाचणं हे जवानाचं काम आहे आणि ते त्याला वाचायला शिकवणं हे वरच्यांचं.

आतापर्यंत जे सांगितलं ते सगळं अपघाताचं. कुणी मुद्दामच डोळ्यावर लेझर मारला तर? हा विचार सैन्यांनी फार पूर्वी केला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश नौदलाने खाली उडणाऱ्या अर्जेंटिनी वैमानिकांचे डोळे दिपवायला लेझर जहाजांवर नेले होते. ते प्रत्यक्षात वापरले गेले नाहीत, पण तयार होते. पुढे अशा शस्त्रांची भीती एवढी वाढली की १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्नामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका कराराला नवा पुरवणी करार जोडला गेला आणि माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी म्हणून बनवलेल्या लेझर शस्त्रांवर बंदी आली. तो ३० जुलै १९९८ पासून लागू आहे आणि भारतही त्यात आहे. रणांगणात एकही शस्त्र अशा कामी सर्रास वापरलं जाण्याआधीच बंदी यावी, हे युद्धाच्या इतिहासात फार क्वचित घडलं आहे. मला ते माणसांनी केलेल्या शहाण्या कामांपैकी एक वाटतं. हातपाय गेलेला माणूसही आपल्या लेकराचा चेहरा पाहू शकतो. विशी-बाविशीतल्या पोराचे दोन्ही डोळे घेणं यात कसली लढाई?

पण त्या बंदीत फट आहे आणि ती समजून घ्यायला हवी. अंतर मोजणारा, बॉम्बला वाट दाखवणारा, शत्रूच्या कॅमेऱ्याला निकामी करणारा लेझर बंदीत येत नाही, आणि असं काम करताना कुणाचा डोळा गेला तर तो करारभंग धरला जात नाही. तात्पुरतं दिपवणारे लेझरही चालतात. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या मिराज २००० विमानांनी टायगर हिलवर लेझरच्या वाटेने जाणारे बॉम्ब टाकले. ते यंत्र नसतं तर तेवढ्या उंचीवर तेवढा अचूक मारा अवघड होता. म्हणजे लेझर रणांगणातून जाणार नाही. उलट वाढतोय. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने कुर्नूलजवळच्या मैदानावर ३० किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवले. हे शस्त्र ड्रोनसाठी आहे, माणसासाठी नाही. पण ३० किलोवॅट म्हणजे ३ कोटी मिलिवॅट. अशा झोतात नुसत्या परतलेल्या, विखुरलेल्या उजेडानेही डोळा जाऊ शकतो. ते चालवणाऱ्या, त्याच्या आजूबाजूला राबणाऱ्या आपल्या पोरांच्या डोळ्यांची व्यवस्था यंत्राइतक्याच काटेकोरपणे झाली पाहिजे, एवढं माझ्यासारख्या माणसाला ठामपणे म्हणावंसं वाटतं.

दिपवणारे लेझर बहुधा हिरवे असतात, कारण आपला डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो. ५ मिलिवॅटचा हिरवा ५ मिलिवॅटच्या गडद लालपेक्षा कितीतरी झगझगीत वाटतो. २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत अमेरिकेच्या मालवाहू विमानावर चिनी तळाकडून लेझर मारला गेला आणि दोन वैमानिकांच्या डोळ्यांना किरकोळ इजा झाली, अशी तक्रार अमेरिकेने केली. चीनने ती नाकारली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण चीन समुद्रात फिलिपिन्सच्या तटरक्षक जहाजावर हिरवा लेझर रोखला गेला आणि खलाशांना काही वेळ दिसेनासं झालं, असं फिलिपिन्सने जाहीर केलं. तेही चीनने मान्य केलं नाही. अशा वेळी पडदा जळाला नाही तरी घात होऊ शकतो. विमान उतरत असताना पाच-दहा सेकंद समोर नुसता हिरवा गोळा दिसला तर वैमानिकाने करायचं काय? काचेवर पडलेला झोत पसरून अख्खी काचच पेटल्यासारखी होते. जळगावला आता विमानं येतात. गच्चीवरून त्यांच्याकडे पॉइंटर रोखणाऱ्या पोराला हे घरातल्यांनी सांगायला हवं.

घरच्या लेझरबद्दल थोडंच सांगतो, कारण विषय जवानाचा आहे. यात्रेत शंभर-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या हिरव्या पॉइंटरवर जे लिहिलेलं असतं त्यावर भरवसा ठेवू नये. बरेचसे आत १,०६४ चा अदृश्य लेझर तयार करून त्याचा हिरवा करतात, आणि स्वस्तात गाळणी बसवायचं टाळलं तर हिरव्याबरोबर अदृश्य झोतही बाहेर पडतो. मिरवणुकीतल्या लेझरचे चटके महाराष्ट्राने सोसलेत. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे पडदा भाजलेले तरुण आले, आणि पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी लेझर झोतांवर बंदी घातली. रशियात २००८ साली एका खुल्या संगीत महोत्सवात पाऊस आला म्हणून मंडप टाकले आणि आभाळाकडे सोडायचे लेझर खाली लोकांवर फिरले; डझनावारी तरुणांचे पडदे भाजले. आपल्याकडे कानबाईच्या मिरवणुकीतही आता डीजेबरोबर हे दिवे येतात. त्या मिरवणुकीत नाचणाऱ्यांतलीच काही पोरं उद्या भरतीच्या मैदानावर डोळ्याच्या तपासणीला उभी राहणार आहेत.

पुन्हा त्या जवानाकडे येतो. त्याने बारा दिवस का लपवलं? कारण ‘कॅटेगरी’. सैन्यात तब्येतीची श्रेणी असते, तिच्या पाच अक्षरांपैकी शेवटचं ‘ई’ म्हणजे नजर. नजर उतरली की श्रेणी उतरते, श्रेणी उतरली की बढती, कोर्स, चांगली नेमणूक यांवर पाणी पडेल ही भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. घरी दोन बहिणींची लग्नं बाकी असलेल्या पोराला ती किती मोठी वाटत असेल, हे मी समोर बसून पाहिलंय. पण लपवण्याची किंमत त्याहून मोठी आहे, आणि ती मी त्याला जशी सांगितली तशीच इथे सांगतो.

जळालेली पेशी परत उगवत नाही, आणि लेझरच्या इजेवर अमुक गोळी घ्या नि बरे व्हा, असा खात्रीचा उपाय आज नाही. सूज उतरवायला डॉक्टर काही वेळा स्टेरॉइड देतात. पण पुढे जे होऊ शकतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. गरात उतरलेलं रक्त काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप शोषलं जातं, नाही तर शस्त्रक्रियेने काढता येतं. मधल्या जागी पडलेलं भोक शस्त्रक्रियेने अनेकदा मिटवता येतं. डागाखालून पुढे नको त्या रक्तवाहिन्या फुटल्या तर डोळ्यात इंजेक्शन देऊन त्या रोखता येतात. या प्रत्येकाला वेळ लागू आहे. दर महिन्याला डोळा तपासला गेला तरच ते वेळेवर सापडतं. शिवाय इजा कर्तव्यावर झाली याची नोंद त्याच दिवशी झाली तर पुढचे हक्क त्या कागदावर उभे राहतात. बारा दिवसांनी, सुट्टीवर, आईबरोबर ग्रामीण रुग्णालयात आलेल्या डोळ्याची नोंद कोण कुठे करणार?

म्हणून लखलखाट झाला की आधी तोंड फिरवायचं, आडोसा घ्यायचा, आणि झोत कुठून आला ते ‘नीट पाहायला’ पुन्हा तिकडे डोळे लावायचे नाहीत. डोळा चोळायचा नाही. वेळ, जागा, दिशा, अंदाजे अंतर, दिसलाच असेल तर रंग, आणि आपलंच यंत्र असेल तर कुठलं, हे लिहून ठेवायचं. पुढच्या डॉक्टरला यातल्या प्रत्येक शब्दाचा उपयोग होतो. त्याच दिवशी युनिटच्या डॉक्टरला सांगायचं आणि बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. ओसीटी नावाची तपासणी पडद्याचे थर केळीच्या सोपाच्या पदरांसारखे उलगडून दाखवते, न दुखता, पाच मिनिटांत. इजा खरोखर आहे की नुसती भीती, ते त्यात कळतं. नुसती भीती निघाली तर त्याच्यासारखं सुख नाही, आणि पुष्कळदा तसंच निघतं.

त्या दिवशी माझ्याकडे ओसीटी नव्हतं. गणिताची चौकटीची वही होती. लहान लहान चौकोनांच्या पानावर मधोमध पेनने ठिपका करायचा, पान वाचायच्या अंतरावर धरायचं, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने त्या ठिपक्याकडेच पाहत राहायचं. सगळ्या रेघा सरळ दिसतात का, कुठे वाकतात का, कुठे चौकोन पुसल्यासारखे होतात का? नेत्रतज्ज्ञ याचाच छापील तक्ता वापरतात. उजव्या डोळ्याने त्याला पान पानासारखं दिसलं. डाव्याने पाहताना तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मी पेन्सिल दिली, आणि जिथे काही दिसत नाही तिथे काढायला सांगितलं. त्याने ठिपक्याभोवती चार चौकोनांएवढा एक वेडावाकडा गोल काढला, आणि गोलाच्या कडेने आत ओढल्या गेलेल्या रेघा.

ते पान त्याच्या कागदांबरोबर लावून मी त्याला त्याच संध्याकाळी युनिटला फोन करायला लावलं. तो लष्कराच्या रुग्णालयात भरती झाला, त्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या सुट्टीत स्वतःहून आला. पाकिटातून भाचीच्या वहीचं पान काढलं, घडीवर फाटायला आलेलं. दर रविवारी तो त्याच्यावर पाहतो म्हणाला. डाव्या डोळ्यापुढचा गोल आता एका चौकोनाएवढा राहिलाय. दोन रेघा अजून त्याच्याजवळ येऊन वाकतात.